थकव्याला अहोजाहो

जपानी भाषेत दगडी कोळशाला ‘सेकितान’ म्हणतात. ‘सेकि’ म्हणजे दगड आणि ‘तान’ म्हणजे कोळसा. हे कळलं तेव्हा मी इतकी खूश झाले, की शेजारीणबाईंचा हात धरून म्हणाले, "सेम! मराठी सेम!" इंग्रजीतल्या ‘कोल’ला दगडाचा पत्ताच नाही. आम्ही दोघी मात्र सत्तरी ओलांडलेल्या बायका, पंधरा मिनिटं ‘दगडी कोळसा, सेकितान’ करत बसलो होतो. आता टोकियोतल्या सातव्या मजल्यावर मला कोळशाची उठाठेव कुठून लागली, असं तुम्ही विचाराल. तेच सांगते.

तुमच्या आत्याकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे, टोकियोच्या कोतो भागातल्या घरी, मी वर्षातून एकदा व्हिसा देतो तेवढे नव्वद दिवस राहते हे तुम्हाला ठाऊक आहे. आत्या आणि काका सकाळी तोयोसुला ऑफिसात गेले, की घरात उरतो मी आणि फ्रिजवर चिकटवलेलं कचऱ्याचं वेळापत्रक. कुठल्या वारी जळणारा कचरा, कुठल्या वारी बाटल्या, कुठल्या वारी कागद. मला हे काम मनापासून आवडतं. दुधाचे खोके धुवायचे, कापून सपाट करायचे, वाळवायचे आणि सुतळीने बांधून खाली ठेवायचे. एका सकाळी माझा गठ्ठा बघून शेजारच्या बाई थांबल्या आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. गठ्ठ्याला केला की मला, कळलं नाही. मीही वाकले.

त्यांना शाळेतलं थोडं इंग्रजी येत होतं, बाकीचं फोनवरचा अनुवाद सांभाळायचा. मी मुंबईत एका कंपनीचा इंग्रजी पत्रव्यवहार तीस वर्षं सांभाळला, हे त्यांना कळल्यावर त्यांनी विचारलं, शिकवाल का? मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा, असं ठरलं. त्या मला ‘सेन्सेई’ म्हणू लागल्या. सेन्सेई म्हणजे गुरुजी.

"आई, आता घरातही तुला सेन्सेई म्हणायचं का?" आत्यानं विचारलं.

"म्हणा की. माझं काही बिघडत नाही."

तिसऱ्या तासाला बाईंनी वही मिटली आणि मनातलं सांगितलं. त्यांना इंग्रजी शिकायचं नव्हतंच. त्यांना एक वाक्य हवं होतं. एका माणसाला, एकदाच म्हणायचं वाक्य.

तो माणूस म्हणजे त्यांचे व्याही. (इंग्रजीत व्याह्याला शब्द नाही. मुलीचा सासरा, असा लांबचा वळसा घालावा लागतो. जपानीतही बाईंना चटकन सांगता येईना. मराठीचा मला त्या दिवशी दुसऱ्यांदा अभिमान वाटला.) त्यांची मुलगी जर्मनीत आहे. तिचा सासरा जन्मभर एका उघड्या कोळसाखाणीत मशीन चालवत होता. जर्मनीनं कोळसा टप्प्याटप्प्यानं बंद करायचा कायदा केला आहे. त्याच्या जागी वारा आणि ऊन आणायचं आहे. त्यात या गृहस्थांची खाण वेळेआधीच थांबली. आणि त्यांचा मुलगा, म्हणजे बाईंचा जावई, काय करतो? पवनचक्क्या उभारतो. बापलेक एका टेबलाशी बसले की फक्त मीठ मागायला तोंड उघडतात, असं मुलीनं कळवलं होतं. आता तिघं आठवडाभरासाठी टोकियोला येणार होते.

"तुम्हाला त्यांना काय म्हणायचंय?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "ओत्सुकारेसामा देश्ता."

मग त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. फोन, वही, हातवारे, सगळं वापरून. वडील क्युशूमध्ये, दक्षिणेकडच्या बेटावर, खाणीत उतरायचे. देशात तेल आलं आणि खाण बंद झाली. गावाशेजारी दगडमातीचा एक काळाकुट्ट डोंगर होता, खाणीतून काढून टाकलेल्या कचऱ्याचा. त्यावर पुढे गवत आलं, मग झाडं आली. पोरं आता तिथे सहलीला जातात. वडील शेवटच्या पाळीहून घरी आले त्या दिवशी बाई दहा वर्षांच्या होत्या. रोज वडील आले की आई दारातूनच ‘ओत्सुकारेसामा’ म्हणायची. त्या दिवशी आई पाठ फिरवून भात धूत राहिली, कारण तिला रडू येत होतं. मोठा भाऊ पुढे काय खायचं यावर बोलला. वडिलांनी बूट काढले, आत जाऊन बसले. "नंतर खूप वर्षं जगले," बाई म्हणाल्या. "पण बसलेलेच."

मुलीकडून निरोप का नाही देत, असं मी विचारलं. तिला जर्मन येतं, दोन मिनिटांचं काम. बाईंनी मान हलवली. मुलगी म्हणाली तर ते मुलीचं होईल. त्यांना स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं, त्या माणसाला समजेल अशा भाषेत, आणि त्याच्या मुलासमोर.

आता माझी कसोटी. आत्या ऑफिसातून निघताना सगळ्यांना हाच शब्द म्हणते. त्याचं ठरलेलं इंग्रजी भाषांतर आहे, ‘थँक यू फॉर युअर हार्ड वर्क’. मी ते लगेच खोडलं. निवृत्त होणाऱ्यांच्या पत्रांत हे वाक्य मी तीस वर्षं टाइप केलं आहे. ते कुणी घडी उघडून दुसऱ्यांदा वाचलं असेल असं मला वाटत नाही. मी शब्दच सोडवून पाहिला. मधलं ‘त्सुकारे’ म्हणजे थकवा. त्याच्या आधी मानाचं ‘ओ’ आणि नंतर मानाचंच ‘सामा’. म्हणजे बघा, ही माणसं थकव्यालाच अहोजाहो करतात! मला हे इतकं आवडलं की थकवा सोडायचा नाही असं मी ठरवलं. बऱ्याच खाडाखोडीनंतर वाक्य तयार झालं: ‘यू मस्ट बी व्हेरी टायर्ड आफ्टर ऑल दीज इयर्स.’

रात्री जेवताना मी ते आत्याला वाचून दाखवलं.

"आई! हे ऐकून तो माणूस झोपायला जाईल."

"तुला ऑफिसातलं इंग्रजी येतं. हे जरा वरचं आहे."

"बरं, सेन्सेई," ती म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

बाईंनी ते वाक्य तीन आठवडे पाठ केलं. त्यांच्या तोंडी ‘टायर्ड’चं ‘ताइयादो’ व्हायचं आणि माझ्या तोंडी त्यांचं ‘त्सु’ काही केल्या बसायचं नाही, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्न नव्हता. कपडे वाळत घालताना त्या बाल्कनीत ते म्हणत असायच्या, आणि पार्टिशनच्या या बाजूनं मी ‘व्हेरी’मधला ‘व्ह’ सुधारत असे.

पाहुणे आले त्या रविवारी दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. निशी-कसाईच्या आपल्या भारतीय दुकानातून कोथिंबीर आणून मी वड्या करून नेल्या. व्याही म्हणजे दाराएवढा माणूस. बुटक्या टेबलाशी पाय कुठे ठेवायचे हे त्यांना समजत नव्हतं. शेवटी बाईंनी कपाटाखालचं एक स्टूल ओढून दिलं आणि ते सगळ्यांच्या वर, एकटे उंच बसले. थोडं इंग्रजी त्यांना येत होतं. जेवण सुरू झालं आणि मुलीनं लिहिलेलं खरं ठरलं. सोया सॉस इकडून तिकडे गेला, एवढंच.

मला गप्प बसवत नाही. मी सेकितानची आणि दगडी कोळशाची गोष्ट काढली. व्याही एकदम सावरून बसले. "श्टाइनकोले!" ते म्हणाले. ‘श्टाइन’ म्हणजे दगडच. तीन भाषा एका दगडावर उभ्या. पण लगेच त्यांनी बोट हलवलं. "माझा तो नाही. माझा ब्राउन."

मग मी प्रश्न विचारत सुटले. तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाइट, जमिनीत फार खोल नसतो. तो ओला असतो, हातानं मोडतो, आणि त्यात कधीकधी झाडाचं अख्खं खोड सापडतं, सालीसकट. तो लांब नेणं परवडत नाही, म्हणून वीजकेंद्र खाणीला लागूनच असतं. आणि त्यांचं मशीन? ही आमची इमारत आडवी पाडली तर तिच्याहून लांब. ते दिवसरात्र जमीन सोलत पुढे सरकायचं, आणि वाटेत गाव आलं तर गाव उठवायचं.

"माणसं असलेलं गाव?"

"माझ्या आईचं गाव. आधी कबरी हलवल्या. मग चर्च. मग मशीन घेऊन आम्ही आलो."

"आणि आता तो खड्डा?"

"पाणी सोडतायत. तळं करणार." तळं या शब्दाला त्यांनी नाक मुरडलं. "होड्या. आइसक्रीम."

"तळं बरंच आहे की," जावई म्हणाला. त्याचं इंग्रजी चांगलं होतं. "आमच्या पवनचक्कीच्या माथ्यावर चढलं की बाबांचा अख्खा खड्डा दिसतो. तिथून बघितलं की कळतं, किती आधी थांबायला हवं होतं."

"आणि वारा पडला की काय दिसतं रे वरून?"

"बॅटऱ्या आहेत, बाबा. उन्हाच्या प्लेट्स आहेत. दहा वेळा सांगितलंय."

"माझं मशीन ख्रिसमसलाही चालायचं. तू त्याच विजेवर पाळण्यात झोपलास."

बाईंची मुलगी चहाची किटली घेऊन तशीच उभी राहिली. आणि हीच वेळ आहे असं बाईंना वाटलं. त्या उठल्या, हात मांडीवर नीट ठेवून वाकल्या आणि तीन आठवड्यांचं वाक्य एका श्वासात म्हणाल्या, ‘व्ह’सकट बिनचूक.

व्याह्यांचा चेहरा लाल झाला. "टायर्ड? मी थकलेलो नाही. मी एकसष्टचा आहे. मी थांबलो नाही, मला थांबवलं."

जावयाला हसू फुटलं. "बघा, आता जपानही तुम्हाला म्हातारं म्हणतंय."

बाईंना एवढंच दिसलं की आपण बोललो, एक माणूस चिडला आणि दुसरा हसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत माझ्या एकाही पत्राचा मजकूर चुकला म्हणून परत आला नव्हता. हा आला.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "वाक्य मी रचलं. त्यांचा शब्द वेगळाच आहे." आणि मी तो शब्द तिथे सगळ्यांसमोर उलगडला. मधे थकवा, दोन्ही बाजूंना मान. काम करून आलेल्या माणसाला दारातच म्हणायचा शब्द. बाईंच्या वडिलांना शेवटच्या दिवशी तो कुणी म्हणालं नाही, हेही सांगितलं. बाईंची मुलगी ते जर्मनमध्ये सांगू लागली आणि मध्येच थांबली. आजोबांची ही हकिकत तिनं स्वतःच पहिल्यांदा ऐकली होती. तिनं आईकडे पाहिलं, मग उरलेलं हळूहळू सांगून संपवलं.

व्याह्यांनी हातातली कोथिंबीर वडी ताटलीत ठेवली. मग म्हणाले, शेवटच्या दिवशी त्यांनी हेल्मेट खिडकीत दिलं आणि आतल्या माणसानं पावती फाडून दिली. बाहेर आले तर मोटारतळावर त्यांचीच मोटार उरली होती.

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत," जावई म्हणाला.

"तू विचारलं नाहीस."

मग ते स्टुलावरून उतरले, अवघडत जमिनीवर बसले आणि बाईंना म्हणाले, "जपानीत म्हणा."

बाई म्हणाल्या, "ओत्सुकारेसामा देश्ता."

"ह्याला उत्तर काय देतात?"

"हेच," त्यांची सून म्हणाली. "हाच शब्द परत."

त्यांनी तो सुनेकडून चार वेळा म्हणून घेतला, जीभ वळवत, बोटांनी टेबलावर ठेका धरत. आणि मग बाईंकडे बघून म्हणाले. शेवटी इंग्रजीत जोडलं, "फॉर युअर फादर." बाईंनी मान खाली घातली. थोड्या वेळानं त्या पेल्यांचा ट्रे उचलून स्वयंपाकघरात गेल्या. पेले अजून भरलेले होते. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला. मुलगी उठायला लागली, तर मी तिचा हात धरून तिला बसवलं.

जावई खाली बघून काहीतरी पुटपुटत होता. मला आधी वाटलं जर्मन असेल.

"ओसुकारे..."

"त्सु," व्याही म्हणाले.

"ओत्सुकारसामा."

"रे. कारे-सामा. सावकाश म्हण."

जावयाचे कान लाल झाले होते. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, बापाकडे बघून, एकेक अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं. व्याह्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. शेवटच्या ‘देश्ता’पर्यंत पोचल्यावर तो थांबला आणि वाट बघत राहिला.

"आता बरोबर," व्याही म्हणाले, आणि सोया सॉसची बाटली बाजूला सारून त्यांनी वड्यांची ताटली मुलाकडे सरकवली.