खंडेनवमीचं हँडल

बादली उचलायची असो, छत्री धरायची असो, नाहीतर देवळातल्या घंटेची दोरी ओढायची असो, त्याचा अंगठा कधी मुठीत जात नसे. चार बोटांच्या बाजूलाच तो चिकटून बसे. मी हसलो की म्हणायचा, "हसा गुरुजी. मोटारीचं हँडल उलटं मारतंय तवा आदी अंगठा जातोय. सवय लागल्याली बरी."

अकोले गावाहून संगमनेरला जाणारी सर्व्हिस मोटार तो चालवायचा. गाव त्याला मिस्त्री म्हणे, मीही तेच म्हणे. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि माझी खोली मोटारीच्या शेडला लागून. म्हणजे सकाळी कोंबड्याच्या आधी मला ती मोटार उठवायची. सुरुवातीला मी फार चिडचिड करायचो. नंतर ती खोकल्याशिवाय मला जागच येईना.

मोटार होती अमेरिकेची. शेठजींनी पुण्यातून जुनी घेतली होती. ज्या एजंटाकडून घेतली, त्याने मिस्त्रीला कंपनीची सगळी कुळकथा सांगितली होती, आणि ती शेजारी बसणाऱ्या प्रत्येक उतारूला ऐकावीच लागे. उतरून जाणार कुठे?

"कंपनीचा मालक म्हनं आदी होड्यांची इंजिनं करायचा. मंग हिरीवरची केली. मंग त्याला वाटलं, जे पान्यावर पळतंय ते जमिनीवर का न्हाई पळनार? म्हनून मोटार काढली. काय लोखंड वापरलंय बगा!" इथे तो बॉनेटवर थाप मारी. "बाकीच्यांनी पत्रा पातळ केला, भाव पाडला. ह्यो गडी म्हनला, मी न्हाई पातळ करनार. बुडाला बिचारा."

कंपनी बंद पडल्याची बातमी पुण्याहून आली तेव्हा या पठ्ठ्याने काय करावं? नदीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली! मी विचारलं, "अरे मिस्त्री, अमेरिकेतल्या कंपनीचं सुतक तुला कसलं?" तर म्हणाला, "मला न्हाई, हिला हाय. हिच्या वतीनं केली." तेव्हापासून तो मोटारीला 'पोरकी' म्हणू लागला. पोरकीचे स्पेअर पार्ट मिळत नसत. मोडलेला भाग तो लोहाराकडून घडवून घ्यायचा, आणि बसला नाही की लोहाराशी भांडायचा.

त्याला मूलबाळ नव्हतं. बायको, आमच्या वहिनी, शेडमागच्या खोलीत राहायच्या. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. मोटार पुढून लोखंडी हँडल फिरवून चालू करावी लागे. त्याआधी मिस्त्री रोज मोठ्याने म्हणायचा, "काडी मागं!" स्टेअरिंगखाली एक लोखंडी काडी असे. तिने ठिणगी लवकर पडायची की उशिरा, ते ठरे. काडी मागे असली की हँडल सरळ फिरे, पुढे राहिली की इंजिन उलटा झटका देई. हे त्याने मला शेजारी बसवून शिकवलं होतं. वहिनींना तर रोज ऐकून पाठच होतं. चुलीपुढून त्याही ओरडायच्या, "हाय मागं, हाय! जा एकदाचे."

लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मोटार आठवड्यातून कशीबशी एखादी फेरी करी. तरी मिस्त्री थोडं पेट्रोल बाजूला ठेवायचाच. शेठजी ओरडले तर म्हणे, "अडल्यानडल्याला लागतंय, शेठ. ह्या डोंगरात दुसरं काय पळतंय?"

त्या साली खंडेनवमीला तो तापाने फणफणला होता. दरवर्षी मोटारीची पूजा तो स्वतः करी. त्या दिवशी वहिनींनी केली. काच पुसली, बॉनेटवर कुंकवाची बोटं ओढली, हँडल पाटावर मांडून त्याला हळद वाहिली, आणि स्टेअरिंगला झेंडूचा असा जाडजूड हार गुंडाळला की खालचं काही दिसेना. मला हाक मारून त्यांनी कौतुकाने दाखवलंसुद्धा. "कशी नवरीवानी दिसतीय, न्हाई गुरुजी?"

दुपारी एक बैलगाडी आली. वर घोंगडीवर एक पोरसवदा बाई. अडली होती, मूल आडवं आलं होतं. सुईणीने हात टेकले होते. तिचा सासरा शेडच्या दारात येऊन नुसता हात जोडून उभा राहिला. संगमनेरला डॉक्टर होता, पण बैलगाडीने तिथे पोचेपर्यंत बाई टिकेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

मिस्त्री अंगावरची चादर टाकून उठला. वहिनी आडव्या आल्या. "अवो, आज हत्याराला हात लावायचा न्हाई. पूजंतलं उचलू नगा."

"देवीबी बाईच हाय. तिला कळंल," तो म्हणाला आणि पाटावरचं हँडल उचललं.

बाईचं विव्हळणं चालू होतं, अंगात ताप होता, घाई होती. 'काडी मागं' म्हणायचं राहिलं. त्याने हँडल लावलं, झटका दिला आणि पुढच्या क्षणी तो जमिनीवर होता. अंगठा शाबूत राहिला हो, पण मनगटाच्या वरचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. शेडमधल्या धुळीने, शेणाने ती जखम माखली.

आम्ही त्याला उचलत होतो. वहिनी पाणी आणायला आत धावल्या. तेवढ्यात त्याने डावा हात मोटारीच्या दारातून आत घातला, झेंडूच्या हारात चाचपला आणि काडी मागे ओढली. मग शुद्ध हरपली. हे मी पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मोटार चालवणारा दुसरा माणूस गावात नव्हता. बैलगाडीच पुढे गेली. वाटेवरच्या कळस गावाच्या अलीकडे ती बाई गेली. पोटातलं मूलही.

गावाने निकाल लावून टाकला. देवीचा कोप. मिस्त्रीने हट्टाने पूजेतलं हँडल उचललं आणि दोन जीव घेतले. वहिनी तर सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलत होत्या. उशाशी बसून रडत, आणि रडता रडता त्याला बोलत. तो फक्त म्हणे, "व्हय, चुकलं माझं."

हाडवैद्याने हात बांधला, पण जखम चिघळली. आठवडा झाला नाही तोच त्याचा जबडा आवळू लागला. धनुर्वात. त्या दिवशी वहिनी देवळात गेल्या होत्या. त्याने मला खुणेने जवळ बोलावलं.

"गुरुजी, तुमी बगितलं न्हवं?"

"बघितलं."

"हार बांदताना काडी फुडं सरकली आसंल. तिला सांगू नगा. हिरीत उडी टाकंल ती."

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, "अरे, गाव तुझ्या नावाने शिमगा करतंय! बायको तोंडावर बोलतेय. आणि तू गप्प?"

"बोलू द्या की," तो दातांतून कसाबसा म्हणाला. "मी कुटं ऐकायला ऱ्हातोय?"

दुसऱ्या दिवशी तो गेला. मी सरणाजवळ उभा राहून त्या वेड्यासाठी लहान पोरासारखा रडलो. पोरकी मोटार शेठजींनी लोखंडाच्या भावात विकली. होड्यांपासून सुरू झालेली ती कुळकथा आमच्या गावात तिथे संपली.

वहिनी पुढे पुष्कळ जगल्या. दुसऱ्यांचे पापड लाटून, कुणापुढे हात न पसरता जगल्या. त्या गेल्यावर आज हे लिहितो आहे, आधी लिहिलं नसतं. दर खंडेनवमीला त्या माझ्या दारात येत, ओट्यावर टेकत आणि पदराने डोळे पुसत तेच म्हणत, "एवढा शाना मानूस, गुरुजी. पन माजं एक ऐकलं न्हाई."

"नाही ऐकलं, वहिनी," मी म्हणायचो. "फार हट्टी होता."