सत्तावीस अंशांचं अंतर

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडवर गाडीत अडकले होते. डोंबिवलीहून तिच्या शेजारच्या कुलकर्णीवहिनी बोलत होत्या. "अगं, दुधाची पिशवी दहा वाजेपर्यंत दारातच… म्हणून माझ्याकडच्या किल्लीने उघडलं." झोपेतच गेली होती. पुढच्या गाड्या हलल्या, मागून हॉर्न सुरू झाले, आणि मला गिअर कसा टाकतात तेच आठवेना. त्या रविवारी मी तिच्याकडे जाणार होते. त्याच्या आधीच्या रविवारीही जाणारच होते.

कुमुदआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. डोंबिवलीच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि रविवारी सकाळी घरी पत्रिका पाहिल्या. यायच्या त्या बहुतेक लग्नाच्या मुलींच्या आया. शनी आणि चंद्र एका घरात आले की त्याला विषयोग म्हणतात. कुणीतरी तो शब्द उच्चारलेला असायचा आणि त्या बाईचं तोंड उतरलेलं असायचं. आत्या आधी पाणी द्यायची. मग जुनं पंचांग काढून दोन्ही ग्रहांचे अंश मांडायची, फळ्यावर करायची तसं बाजूला कच्चं काम करून. "युती म्हणजे शेजार," ती म्हणायची. "शेजारी किती लांब राहतात ते नको का बघायला?"

ती हे का शिकली, ते मला माझ्याच लग्नाच्या वेळी कळलं. आम्ही तेव्हा कोपरीत राहायचो. समीरच्या घरून होकार आला होता, मला तो मनापासून आवडला होता, आणि बाबांच्या ओळखीच्या एका ज्योतिषांनी सांगितलं की मुलीच्या सातव्या घरात, म्हणजे लग्नाच्याच घरात, शनी-चंद्र एकत्र आहेत. बाबांनी नकार कळवायचं ठरवलं. मी आत्याला फोन करून नुसती रडले. ती दुपारच्या उन्हात डोंबिवलीहून आली, चप्पल काढता काढताच म्हणाली, "दादा, तू फोन केलास का त्यांना?"

"अजून नाही. पण करणार आहे. कुमुद, तुझ्याही पत्रिकेत हेच होतं. अण्णांनी तेव्हा वेळीच नकार कळवला म्हणून…" अण्णा म्हणजे माझे आजोबा.

"माझ्या पत्रिकेत हे नव्हतं."

आत्या खुर्चीत बसली. वर्गात बोलायची तशी, एकेक शब्द सुटा करून बोलली. "चंद्र दुसऱ्या अंशावर, शनी एकोणतिसाव्या. रास एकच, तीस अंशांची, पण मधे सत्तावीस अंश. अण्णांच्या शास्त्रीबुवांनी घर पाहिलं, अंश पाहिलेच नाहीत. मला कळलं तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. स्वतःची पत्रिका मांडता यावी म्हणूनच तर शिकले मी."

"अण्णांना सांगितलंस?"

"अण्णा तेव्हा अंथरुणावर होते. सांगितलं असतं तर रडले असते. मग त्यांचे डोळे पुसत मीच बसले असते ना…"

मग बाबांनी हलक्या आवाजात विचारलं, "आणि हिची?"

"हिचे खरंच जवळ आहेत, तीन अंशांवर. म्हणून काय झालं? चंद्र म्हणजे मन आणि शनी म्हणजे सावकाशी. ही पटकन कुणाची होणार नाही, पण झाली की टिकेल. करू दे तिला."

बाबांनी फोन केला, पण होकाराचा. त्या वर्षी भाऊबीजेला ते ओवाळून घेताना मान वर करेनात. आत्याच म्हणाली, "दादा, टिळा लावायचाय, वर बघ."

पुढे एकदा तिच्या ओट्याशी मटार सोलताना मी धीर करून विचारलं, त्या वेळचं स्थळ कुणाचं होतं? "कल्याणचं," ती म्हणाली. "पोहे खाताना त्याने मला विचारलं होतं, गणितात तुम्हाला सगळ्यात अवघड काय वाटतं? तोपर्यंत मला असं कुणी काही विचारलंच नव्हतं गं."

"मग काय सांगितलंस?"

"काही नाही. अण्णा बसले होते ना समोर…"

लग्नानंतर आम्ही घोडबंदर रोडला राहायला आलो. मुलगा झाला, नोकरी वाढली, बाबा गेले. आत्याकडे दर आठवड्याला जायचे ती महिन्याने जाऊ लागले, मग सणावारी. ती कधी रुसली नाही. फोनवर शेवटी "मग, कधी येतेस?" एवढंच विचारायची आणि उत्तराची वाट न बघता "बरं, ठेवते" म्हणायची.

तेराव्यानंतर मी एकटी तिची खोली आवरायला गेले. कपाटातल्या वरच्या फळीवर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात लग्नपत्रिका, शे-दोनशे तरी असतील, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेल्या. तिने होकार दिलेल्या मुलींची लग्नं. कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, आमंत्रणं सगळी यायची, पण आत्या जायच्या नाहीत. एकटीने जाऊन बसायचं कुठे, म्हणायच्या. प्रत्येक पत्रिकेच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. 'मुलगी झाली. नाशिकला असतात.' 'आई बाजारात भेटली, बरं चाललंय म्हणाली.' एकीच्या मागे, 'माहेरी परत आली. माझं काय चुकलं?' आणि खाली ते सगळं गणित पुन्हा मांडलेलं, दोनदा.

माझी पत्रिका जवळजवळ तळाशी होती. समीरचं नाव, माझं नाव, कोपरीतला लग्नाचा हॉल. मी ती उलटी केली. मागे लिहिलं होतं, 'सुखात आहे. यायला वेळ होत नाही.'

तारीख घातलेली नव्हती. ती ओळ तिने केव्हा लिहिली असेल, कुठल्या रविवारी, ते मी अजून शोधते आहे…