लेकीच्या लॅपटॉपवरची धूळ

जगातली सगळी धूळ आपल्याच लेकीच्या लॅपटॉपवर बसायला निघाली आहे, अशी पक्की खात्री असलेले एकच गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि ते म्हणजे माझे साडू. विंचूरला त्यांचा कांद्याचा व्यापार. दिवसभर मार्केटात कांद्याची साल आणि फुफाटा अंगावर घेऊन ते इंदिरानगरच्या घरी यायचे, दारातच शर्ट झटकायचे, अंघोळ करायचे आणि घरूनच कंपनीचं काम करणारी त्यांची लेक उठली की तिच्या टेबलाशी जाऊन बसायचे. मग लॅपटॉप बंद, डोक्यावरचा पंखा बंद आणि आमचं बोलणंही बंद. हातात मऊ मलमल आणि दाढीचा कोरा ब्रश. खिडकीतून येणाऱ्या उतरत्या उन्हात धुळीचे कण तरंगत असायचे आणि साडू त्यांच्याकडे अशा तंद्रीत बघायचे, की शेजारी बसून मलाही गुंगी यायची. "कशी डुलत डुलत येती बघा," ते हळूच म्हणायचे. "पण इथं उतरू द्यायची नाय."

एकदा मी चिवड्याची बशी घेऊन जवळ गेलो, तर त्यांनी माझ्या हनुवटीखाली ओंजळ धरली! खंडेनवमीला लॅपटॉप पूजेत मांडायचा तोसुद्धा झाकण लावून, वर कापड घालून. हळदकुंकू काय ते कापडाला. एका वर्षी आमच्या सासूबाईंनी मोठ्या भक्तिभावाने कापड बाजूला सारलं, झाकण उघडलं आणि थेट कळांवर अक्षता वाहिल्या. साडूंचा चेहरा पांढराफटक पडला, पण जावयाने सासूला बोलायचं तरी कसं? त्यांनी हात जोडून पूजा होऊ दिली आणि मग दुपारभर चिमट्याने दाणे वेचत बसले.

"देवाला पोचल्या ना हो अक्षता?" सासूबाईंनी काळजीने विचारलं.

"पोचल्या, आई. एक तेवढी आत अडकलीय."

पुढे कंपनीने लेकीला बंगळूरला बोलावून घेतलं. तिच्याबरोबर लॅपटॉपही गेला. साडू रिकामं टेबल पुसू लागले. एका संध्याकाळी पुसता पुसता म्हणाले, "साडूभाऊ, तिच्या कामातलं मला काहीच कळत नाय. तेवढं पुसणं हेच आपल्या हातात होतं. आता तिला बापाचं काय काम?" मी नुसता चहा पीत राहिलो.

दिवाळीला लेक आली. तिने बॅगेतून लॅपटॉप काढला आणि मी हादरलोच. कळांच्या फटींत धूळ, पडद्यावर बोटांचे ठसे, कडेला कसलीशी वाळलेली चटणी. आता साडू भडकणार, म्हणून मीच आधी ओरडलो, "अगं, तिकडे फडकं मिळत नाही का?"

"मिळतं की, काका. पण मग घरी आल्यावर बाबांनी काय पुसायचं?"

साडू त्या धुळीकडे बघत राहिले. मग त्यांनी पुसायला सुरुवात केली, पण इतकी सावकाश की विचारू नका. एक कळ पुसायचे आणि थांबायचे. लेक शेजारी बसून बंगळूरच्या गोष्टी सांगत होती. दोनदा जेवायची हाक आली, तरी दोघं जागची हलली नाहीत. मलाही भूक लागली होती, पण ते काम इतक्यात संपू नये, असंच वाटत होतं.