शिवेवरून परतलेली काजळी

“आत घेऊ नको म्हणतोय ते कळत न्हाई का तुला?” कोंडीराम दारात पाय रोवून उभे राहिले. “गावानं शिवेबाहेर काढलेली कोंबडी हाय ती.”

“मी कुठं घेतली? तीच आली चालत,” गोजरबाई म्हणाल्या. “आन् तुमी कुठं शिवेबाहेर सोडली? आपल्याच बांधावर ठिवली आन् माघारी फिरलात.”

“उतारा ठिवला की मागं वळून बघायचं नसतं.”

“तुमी न्हाई बघितलं. तिनं बघितलं ना, तुमी कोन्त्या वाटंनं चालला ते.”

ओट्यावर मेथी निवडणाऱ्या सुनेला, वृषालीला, हसू आलं. सासऱ्यांचा चेहरा पाहून तिनं मान खाली घातली.

काळी कोंबडी अंगणाच्या मधोमध उभी होती. डोक्यावर हळदीकुंकू, पायात तुटलेला दोरा. तिची पिल्लं केव्हाच तिच्या पंखांखाली शिरली होती.

पंच्याण्णव सालचा शिमगा जवळ आला होता. सोनईजवळच्या त्या वस्तीवर मानमोडी आली होती. सकाळी दाणे टिपणाऱ्या कोंबडीची मान दुपारी पाठीकडे वळायची आणि दिवेलागणीला ती आडवी व्हायची. खुराड्यांमागून खुराडी रिकामी झाली. गोजरबाईंच्या खुराड्यात मात्र एकही मेली नाही.

गोजरबाईंना लाडाचं बोलणं कधी जमलं नाही. मुलाच्या लग्नातही त्या वऱ्हाडावर खेकसत होत्या. कोंबड्यांवरही खेकसायच्या, पण नाव घेऊन. तांबडी, ऱ्होड जातीची ती पाटलीण; आपलं सोडून दुसरीच्या पुढ्यात चोच घालणारी. लांब मानेचा असील कोंबडा तो फौजदार; त्याचा दिवस कुंपणावर जायचा. पंचायत समितीच्या योजनेतून आलेली पांढरी लेगहॉर्न ती मड्डम. ती भाकरीचा तुकडा पडला तरी दचकायची, अंडी भरपूर द्यायची आणि त्यांच्याकडे ढुंकून पाहायची नाही. वृषालीनं दूध उतू घालवलं की गोजरबाई म्हणायच्या, “आमच्याकडं दोन मड्डमी झाल्या.”

आणि काजळी. ती गावठी, ठेंगणी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. मड्डम आली त्या दिवशी पाटलिणीनं मड्डमचा तुरा टोचून रक्तबंबाळ केला. काजळी काही न करता दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून मड्डम तिच्या पंखाखाली मान घालून झोपू लागली. मड्डमची अंडीही मग काजळीखालीच ठेवली गेली.

तिथंच चूक झाली. योजनेची कोंबडी म्हणून त्यांच्या एकट्याच्याच घरी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस लस टोचायला आला, तेव्हा काजळी खुडूक होऊन त्या अंड्यांवर बसली होती. खुडूक कोंबडी उठवली की अंडी गार पडतात, म्हणून गोजरबाईंनी तिच्यावर पाटी पालथी घातली. बाकीच्यांना टोचून माणूस निघून गेला; काजळी राहिली आणि पिल्लं त्यानंतर फुटली.

मानमोडी आल्यावर शेजारची रंगुबाई रोज भिंतीवरून विचारू लागली, “तुझ्याकडंच कशी न्हाई आली गं?” आवाज चढत नव्हता, पण प्रश्नही बदलत नव्हता. मग मारुतीच्या पारावर ठरलं, उतारा टाकायचा. काळी कोंबडी प्रत्येक खुराड्यावरून ओवाळायची आणि शिवेबाहेर सोडायची. ती विकतची चालत नाही. ज्या घरी रोग शिवला नाही त्याच घरची लागते. कोंडीरामांनी घरी न विचारता पारावरच शब्द दिला आणि काल संध्याकाळी कोंबडी नेली. शिवेपलीकडच्या लोकांनी पाहिलं तर मारतील, या भीतीनं त्यांनी ती अलीकडेच, स्वतःच्या बांधावर ठेवली.

रात्रभर मड्डम खुराड्याच्या दारात बसून राहिली. सकाळी तिनं दाण्याला चोच लावली नाही. आता मात्र ती काजळीला खेटून उभी होती आणि तिच्या डोक्यावरचं कुंकू टिपून खात होती.

“कापून टाकू. मिटलं,” कोंडीराम म्हणाले.

“उताऱ्याची कोंबडी? उतरंल तुमच्या घशाखाली?”

“आत्याबाई, हे आले की सायकलवरनं लांब सोडून येतील,” वृषाली म्हणाली.

“ती परत यील,” गोजरबाई म्हणाल्या.

भिंतीपलीकडे हालचाल झाली. रंगुबाईचं डोकं वर आलं. तिनं काजळीकडे पाहिलं, मग गोजरबाईंकडे.

“आमच्या खुराड्यावरनं ओवाळली हुती ना गं ही?”

रंगुबाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. तिच्या चपलांचा आवाज पाराच्या दिशेनं गेला.

गोजरबाई खाली बसल्या. रंगुबाईच्या खुराड्यावरनं, आणि त्याआधी सगळ्यांच्याच. पाटी पालथी घातलेली त्यांना आठवली. त्यांनी काजळीला उचललं, मान दोन बोटांत धरून पाहिली. मान सरळ होती. पण कोंबडीचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि त्यांच्या तळहातावर हिरवट, पाण्यासारखी शीट पडली. पिल्लं पायाशी चिवचिवत होती. त्यांनाही लस नव्हती.



त्यांनी राखेनं हात घासले. घरातून डालगं आणलं, त्यात काजळीला ठेवलं, मग एकेक पिल्लू. मड्डमनं आपणहून काठावर उडी मारली. गोजरबाईंनी तिला खाली ढकललं. ती पुन्हा चढली. दुसऱ्या वेळी त्यांनी ढकललं नाही.

“आता काय करतीस?” कोंडीरामांनी विचारलं. पाराकडून माणसांच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला होता.

गोजरबाईंनी डालगं डोक्यावर घेतलं.

“मी शेतातल्या खोपीत राहायला चालले, ह्यांना घिऊन. पाटलिणीला आन् फौजदाराला बाहेर सोडू नका. मानसं आली की सांगा, उताऱ्याची कोंबडी गावात न्हाई. वृषाली, माझी भाकरी रोज बांधावर ठिवायची आन् माघारी फिरायचं. मागं वळून बघायचं न्हाई.”