कोपरा फाटलेलं पत्र

मावशींच्या मुलाची पत्रं माझ्या फोनवर यायची. मला त्यातलं एक अक्षर वाचता यायचं नाही, आणि म्हणूनच ती माझ्याकडे यायची.

मावशी म्हणजे हॅरिस पार्कच्या आमच्या बिल्डिंगमधल्या, समोरच्या दारातल्या. म्यानमारच्या. मी मावशी म्हणायला लागले तशा त्याही स्वतःला मावशीच म्हणायला लागल्या. "मावशी कमिंग!" असं ओरडत दार वाजवायच्या. ओळख झाली विहारात. बुद्धवंदना त्यांची आमची एकच, चाल तेवढी वेगळी. मी अडखळले की त्या माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणायच्या.

मी आठवीत शाळा सोडलेली बाई. लग्नानंतर नवऱ्यामागून इथे परदेशात आले. तो वेअरहाऊसला शिफ्टला गेला की दाराला साखळी लावून बसायचे. खाली कुणाची बेल वाजली तरी उठून साखळी पुन्हा बघायचे. मावशींनीच मला ट्रेनचं कार्ड टॅप करायला शिकवलं. नर्सिंग होमच्या लॉन्ड्रीत त्या होत्या, तिथे मला शेजारी उभी करून घेतली. सुपरवायझर काही विचारायला आली की माझ्या आधी ह्याच: "शी गुड. शी फास्ट." मी काही फास्ट नव्हते. पण त्या बोलल्या म्हणून मला व्हावं लागलं. हे उपकार कसे फिटायचे, मला अजून कळलेलं नाही.

त्यांचा धाकटा मुलगा तिकडेच राहिलेला. सायकली दुरुस्त करायचा. एक दिवस सैन्याच्या लोकांनी त्याला बाजारातून उचलला आणि वर्दी चढवली. तिकडे आपापसातच लढाई चाललेली, एकाच गावची पोरं दोन्ही बाजूंना. विहारात येणाऱ्या बर्मी बायांपैकी कुणाचा भाऊ सैन्याविरुद्ध लढायला जंगलात, कुणाचं घर सैन्याच्या विमानांनी पाडलेलं. मावशींच्या मुलाच्या अंगावर कुठली वर्दी आहे ते कळलं, तेव्हापासून मावशींच्या शेजारची चटई रिकामी राहायला लागली. कुणी वाईट बोललं नाही. नुसत्या सरकल्या. मग मी तिथे जाऊन बसायचे.

पोराचा फोन काढून घेतलेला. तो वहीच्या कागदावर लिहायचा, कुणी ट्रकवाला ते मावशींच्या बहिणीकडे पोचवायचा आणि बहीण त्याचा फोटो पाठवायची. मावशींच्या जुन्या फोनवर फोटो उघडेना, आणि त्यांच्या भाषेच्या कुणाला दाखवायची सोय राहिली नव्हती. म्हणून माझा फोन.

वाचून झालं की त्या मला मोडक्या इंग्रजीत सांगायच्या. पत्रात लढाई कधी नसायचीच. भात कच्चा असतो. बुटात पाणी शिरतं. माझे सायकलीचे पाने कुणाला देऊ नका. डोंगरावर थंडी आहे, पण मी बरा आहे. त्या 'बरा आहे'वर मावशींचा विश्वास नव्हता. "भाताला शिव्या देतो तोपर्यंत ठीक," त्या म्हणायच्या.

एका सुट्टीच्या दुपारी फोन वाजला. फोटो उघडला. कागदाचा खालचा कोपरा फाडलेला होता.

आमच्याकडे मयताचं कार्ड यायचं ते कोपरा फाडून. वाचता न येणाऱ्यालाही बघताच कळावं म्हणून. ते घरात ठेवत नाहीत, वाचून बाहेरच्या बाहेर फाडून टाकतात. माझे वडील बाहेरगावी रस्त्याच्या कामावर होते, त्यांचं असंच आलं. पोस्टमनच्या हातातलं ते कार्ड मी अंगणातून पाहिलं, आणि आईच्या आधी मला कळलं. त्यानंतर मी शाळेत गेले नाही.

नवऱ्याला फोन लावला.

"अगं, ते बर्मी आहेत. त्यांच्यात असलं असतं कशावरून?"

"आणि नसतं कशावरून?"

"मी फोर्कलिफ्टवर आहे, बाई. ठेव."

मग आईला लावला. तिला सगळं सांगितलं.

"आधी तिला जेवू घाल," म्हणाली. "एकदा कळलं की घास उतरत नाही. जेवली की मग दे. आणि एकटीला वाचू देऊ नकोस, जवळ बस."

वरणभात केला. सुकटीची चटणी केली, ती त्यांना फार आवडते. मीठ दोनदा घातलं असावं. त्यांना हाक मारली तर मांडलेली पानं बघून खूश झाल्या.

"बर्थडे?"

"नो बर्थडे. इट, मावशी."

त्या जेवल्या. भात परत घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघूच शकत नव्हते, ताटातल्या हाताकडे बघत बसले. हा हात आत्ता चटणी कालवतोय, अजून याला काही माहीत नाही, एवढंच डोक्यात. त्यांनी हात धुतले, तेव्हा मी फोन पुढे केला आणि त्यांचा दंड घट्ट धरला.

त्यांनी चष्मा लावला. अक्षरं मोठी केली. ओठ हलवत वाचलं. मग जीभ टाळूला लावून च्यक् केलं आणि चक्क हसल्या. "बॅड बॉय!"

मला रडूच फुटलं. त्या घाबरल्या. मी फोनवरच्या त्या फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. त्यांनी दोन बोटांनी विडी वळून दाखवली, ओढून दाखवली. तंबाखू मिळते, कागद मिळत नाही, म्हणून सगळी पोरं पत्राचेच तुकडे फाडतात. घरी असताना हा विडीला शिवणार नाही म्हणाला होता.

मी जमेल तसं सांगितलं. माझे वडील. कार्ड. असाच कोपरा.

त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी ताटांकडे पाहिलं. "म्हणून जेवण?"

मी मान हलवली.

त्यांनी पत्र पुन्हा उघडलं. डोंगरावर थंडी आहे, असं यातही होतं. तिकडची थंडी तर केव्हाच सरली होती. म्हणजे पत्र जुनं; कागद फाडला तेव्हा तो जिवंत होता. आत्ताचं काय, ते पत्रात नव्हतं.

मग माझ्याच फोनवरून त्यांनी बहिणीला निरोप बोलून पाठवला. बराच वेळ बोलत होत्या. मला त्यात फक्त माझं नाव कळलं.

"बहिणीला सांगितलं," त्या म्हणाल्या. "वाईट बातमी आली तर मला नाही सांगायची. तुला सांगायची, इंग्लिशमध्ये लिहून. तू स्वयंपाक करायचा, मी जेवणार. मग तू सांग."

मला नाही म्हणायचं होतं. माझ्याच्याने एकदा झालं नाही, पुन्हा कसं होणार? पण ज्या बाईने मला या देशात उभं केलं तिने दुसरं काही मागितलं नव्हतं.

"ओके, मावशी."

"नो वरीज," म्हणत त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं, आणि ताटं उचलून सिंककडे गेल्या.

त्या भांडी घासत असतानाच बहिणीचं उत्तर आलं. नुसता अंगठा. मावशींनी तिकडूनच विचारलं, "काय म्हणते?"

"हो म्हणते," मी म्हणाले, आणि फोन उपडा करून ठेवला.