पुरवठादार

गिरणी बंद पडल्यावर मावशीने मागच्या खोलीत रातकिडे पाळायला घेतले. खोक्यांत अंड्यांचे रिकामे ट्रे उभे करायचे, कोंडा आणि गाजराचे तुकडे टाकायचे, किडे वाढले की भाजून पीठ करायचं. बिस्किटांचा कारखाना ते पीठ घ्यायचा. दिवसभर किरकिर चालायची. शेजारीण नाक मुरडायची. मावशी म्हणायची, "माझे किडे खोक्यात आहेत गं, तुझ्यासारखे डोक्यात नाहीत."

याच किड्यांवर तिने मेलेल्या बहिणीची मुलगी वाढवली, शिकवली. भाची आहारतज्ज्ञ झाली आणि उद्याचं अन्न म्हणजे किडे, यावर भाषणं देऊ लागली.

एका भाषणासाठी तिने जिवंत किडे मागवले. मावशी नवी साडी नेसून, खोकं छातीशी धरून सभागृहात गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिचे डोळे भरून आले. नंतर एका पाहुण्याने विचारलं, "या कोण?"

भाची हसली. "या किडे पुरवतात आम्हाला."

मावशी रिकामं खोकं उचलून घरी आली आणि साडी न बदलताच किड्यांना कोंडा घालत बसली.

पुढच्या महिन्यात भाचीचा फोन आला, "मावशी, परत किडे लागतील."

"पाठवते," मावशी म्हणाली. "तुम्हाला कधी हवेत?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने पोरीला 'तुम्ही' म्हटलं होतं. भाचीने फक्त तारीख सांगितली.