दारांचं पुस्तक

आम्ही बुधवार पेठेत गेलो होतो ते मिक्सरचा एक बारीकसा भाग आणायला. आमचे हे विजेच्या सामानाच्या दुकानात शिरले की दुकानदाराच्या नाकी नऊ आणल्याशिवाय बाहेर पडत नाहीत, म्हणून मी त्यांना तिथेच सोडलं आणि पुस्तकांच्या दुकानांकडे वळले. एका दुकानाच्या पायरीवर खोक्यात लहान मुलांची परदेशी पुस्तकं ठेवली होती. वरचंच एक उचललं. चौकोनी, गुबगुबीत, जाड पुठ्ठ्याच्या पानांचं. पहिल्या पानावर गोठा, गोठ्याला लाल दार, आणि ते दार चक्क उघडत होतं! बोटाने उचललं तर आत गाय. माझ्या तोंडून इतक्या मोठ्याने ‘कुक!’ निघालं की शेजारचं गिऱ्हाईक दचकून मागे सरलं.

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “घ्यायचंय, की नुसतंच खेळायचंय?”

“दोन्ही,” मी म्हटलं आणि पुस्तक छातीशी धरलं.

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली. तेव्हा मी सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाळणाघर चालवायचे. आयाबाया नोकरीवर निघाल्या की मुलं माझ्या ताब्यात. दिवसभर भात भरवा, नाकं पुसा, झोपवा, उठवा. मुलांसाठी चित्रांची पुस्तकं होती माझ्याकडे, पण ती सगळी काही ना काही शिकवायला बसलेली. फळांची नावं, प्राण्यांची नावं, चांगल्या सवयी. हे नवं पुस्तक कुणाला काही शिकवत नव्हतं. यात फक्त दारं होती. गोठ्याचं, खुराड्याचं, कुत्र्याच्या घराचं, बदकाच्या खोपीचं, आणि शेवटच्या पानावर एका घराचं मोठं निळं दार, त्यामागे हात पसरून उभी असलेली एक आई. अक्षर म्हणाल तर एक नाही. मला काय आनंद झाला होता, सांगता सोय नाही. रिक्षात बसल्या बसल्या मी ती दारं दहा वेळा उघडली असतील.

आमच्या ह्यांनी घरी आल्यावर चष्मा लावून पुस्तक चाळलं. “यात वाचायचं काय?”

“वाचायचं नाही, उघडायचं.”

“मग कपाटच आणायचं होतंस,” असं म्हणून ते खाकी कागद आणि कात्री शोधायला गेले. आमच्या घरात पुस्तक आलं की आधी त्याला कव्हर चढतं, मग ते माणसांच्या हाती पडतं. बँकेतून आल्यावर हा त्यांचा छंद. माझी पाककृतींची पुस्तकंसुद्धा खाकी कपड्यांत उभी असायची. हे पुस्तक मात्र मी हिसकावून घेतलं आणि उशीखाली ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरात नुसता दंगा! एकाने दार उघडायचं, बाकीच्यांनी ओरडायचं. सगळ्यात धाकटी बदकाच्या पानाचा कोपरा चघळत बसली. एकाचा पाय पुस्तकाला लागला, तर थोरल्या मुलीने त्याला कान धरून नमस्कार करायला लावला. त्याला नमस्काराचीच इतकी मजा वाटली की तो पुन्हा पुन्हा पाय लावायला लागला. मी रागावायला हवं होतं, पण मला हसू आवरेना.

त्याच आठवड्यात नवा मुलगा आला. आमच्या सोसायटीच्या मागचं गाव नुकतंच पुण्यात सामील झालं होतं, तिथल्या शेतकरी घरातला. वय अडीच वर्षं. त्याची आई लग्नाआधी बी.कॉम. झालेली, आणि आता तिला एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात नोकरी लागली होती. त्या घरात बाहेर नोकरीला निघालेली ही पहिलीच सून. सासरी कशालाच कमी नव्हतं, त्यामुळे सासूचा प्रश्न सरळ होता : लेकराला परक्या घरी रडत ठेवून जायची गरज काय?

“आत्या म्हणाल्यात, शनिवारी स्वतः येऊन बघणार,” मुलाची आई मला म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. “रमला असला तर ठीक. रडताना दिसला तर उचलून घरी नेणार, आणि मग नोकरी बंद. काकू, मला ही नोकरी हवी आहे हो. पैशासाठी नाही. सकाळी आवरून तिथं जाऊन बसले ना, की मला मी आहे असं वाटतं.”

हे ऐकल्यावर मी पदर खोचला. म्हटलं, बघतेच शनिवारपर्यंत कसा रमत नाही ते!

पण तो काही रमेना. आपल्याकडे तान्ह्या-लहान मुलांच्या आया करतात तेच ती करायची. मुलाला खेळण्यात गुंतवायचं आणि नजर चुकवून सटकायचं. मीसुद्धा सगळ्या आयांना तेच सांगत आले होते, माझी आईही तेच करायची. बाकीची मुलं दोन मिनिटं भोकाड पसरून गप्प व्हायची. हा मात्र वळून बघायचा, आई नाही म्हटल्यावर धावत दाराशी जायचा आणि तिथेच बसायचा. खाणं नाही, पिणं नाही, कुणी जवळ घेतलं की लाथा. दोन दिवस असेच गेले. माझा जीव तुटत होता आणि खरं सांगायचं तर रागही येत होता, कुणावर ते कळत नव्हतं.

बुधवारी दुपारी मी बाकीच्या मुलांना घेऊन मुद्दाम त्याच्या शेजारी, दाराशीच बसले आणि ते पुस्तक काढलं. त्याच्याकडे बघितलंच नाही. गोठ्याच्या दारावर ठकठक केलं. “कोण आहे?” म्हटलं, दार उघडलं, आणि गाईच्या आवाजात म्हटलं, “मी आहे!” मग गाय म्हणाली, “येते हं!” आणि दार बंद. रडणं जरा मंदावलं. खुराड्याशी आलो तेव्हा ते थांबलंच होतं. शेवटचं निळं दार त्याने स्वतः उघडलं! आतल्या आईकडे बघितलं, दार लावलं, थोडा वेळ थांबला, पुन्हा उघडलं. आई होतीच. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. इतर मुलांना कंटाळा आला, ती उठून गेली. हा आपला एकच दार उघडतोय, लावतोय. संध्याकाळी आई न्यायला येईपर्यंत मी त्याच्यासमोरून हलले नाही. मला नाचावंसं वाटत होतं.

आणि गुरुवारी सकाळी घात झाला. आई नेहमीसारखी सटकली, हा रडत रडत पुस्तकाकडे गेला, निळ्या दाराला बोट लावलं आणि दार उघडेना. नख घातलं, तरी उघडेना. मग असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरच्या बाई खाली बघायला आल्या. मी पुस्तक हातात घेतलं. प्रत्येक दारावर, चारही बाजूंनी, सुबक चिकटपट्टी!

आमचे हे हेल्मेट घेऊन निघण्याच्या बेतात होते.

“हे तुम्ही केलंत?”

“दारं फाटायला आली होती. म्हटलं, पक्की करावीत. आता दहा वर्षं काही होत नाही पुस्तकाला.”

“दारं आहेत ती! दारं उघडायला असतात! त्याची आई कोंडलीत तुम्ही आत!”

मी इतक्या जोरात ओरडले की मुलांनी रडायचं थांबून आमच्याकडे बघितलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या हुंदके देणाऱ्या पोराकडे. मग हेल्मेट खाली ठेवलं, दाढीचं ब्लेड आणलं आणि ऑफिसच्या कपड्यांत जमिनीवर मांडी घातली. उशीर होणं म्हणजे काय हे त्या माणसाला माहीत नव्हतं, पण त्या दिवशी तो बँकेत उशिरा गेला. एकेक पट्टी कापून काढताना घामाघूम झाले. गोठ्याच्या दाराशी ब्लेड आत घुसलं आणि गाईच्या नाकाचा कागद सोलून निघाला, तिथे त्यांनी बॉलपेनने नवं नाक काढलं. ते डुकरासारखं दिसत होतं. शेवटी निळं दार मोकळं झालं. ह्यांनी ते स्वतः उघडलं नाही. त्यावर टकटक केली आणि आतून खास आपल्या आवाजात उत्तर दिलं, “कोण पाहिजे? बेल वाजवायची काही पद्धत आहे की नाही?”

मुलगा हसला. आमच्या घरात पहिल्यांदाच हसला!

तो दार उघडून बघत होता आणि मी त्याच्याकडे, तेव्हा एकदम माझ्या डोक्यात लख्ख झालं. चित्रातली आई त्याच्या डोळ्यांसमोर आत जाते, त्याच्या डोळ्यांसमोर दार लागतं, म्हणून ती कुठे आहे हे त्याला माहीत असतं. खरी आई मात्र आपण त्याची नजर चुकवून पळवतो. मग तो दाराशी बसून शोधणार नाही तर काय करणार? मी तडक तिच्या कंपनीत फोन लावला. “उद्यापासून सटकायचं नाही. त्याच्यासमोर चपला घालायच्या, त्याला ‘येते हं’ म्हणायचं, आणि दार त्याच्याकडून लावून घ्यायचं.”

“काकू, पण तो रडेल ना!”

“रडू दे. पण जे काही होईल ते त्याच्या डोळ्यांदेखत होऊ दे.”

शुक्रवारी तिने तसं केलं. तो रडला, चांगला रडला, पण दार त्यानेच लोटलं. मग पुस्तक घेऊन बसला. दुपारी वरणभात खाल्ला. मी आनंदाच्या भरात सगळ्यांना दोन-दोन वेळा खडीसाखर वाटली.

शनिवारी अकराच्या सुमाराला सासूबाई आल्या. नऊवारी, कपाळभर कुंकू, करारी चेहरा. मुलाने आजीला बघितलं मात्र, आणि सगळं मुसळ केरात! पळत जाऊन तो त्यांना बिलगला आणि हमसून हमसून रडायला लागला. “घली, घली” एवढंच म्हणत होता. आदल्या दिवसाचा वरणभात मी त्यांना कसा दाखवणार?

“ह्ये रमलंय व्हय लेकरू?” त्यांनी त्याला कडेवर घेतलं. “माझी सून म्हनती, रमतोय. बास झालं बाई. चला घरला.” आणि त्या चपलांकडे निघाल्यासुद्धा.

तेवढ्यात पोराने कडेवरून खाली यायला अंग टाकलं. डोळे पुसत तो आत गेला, पुस्तक घेऊन आला आणि आजीच्या हातात दिलं. “आजी, थकथक.”

“मला कुठं वाचाया येतंय, राजा?”

“यात वाचायचं काहीच नाही, आजी,” मी घाईघाईने म्हटलं. “नुसतं ठोकायचं आणि विचारायचं, कोण आहे.”

त्या संशयाने उंबऱ्याशीच बसल्या. बोटाने लाल दार वाजवलं. “कोन हाय आत?” दार उचललं आणि एकदम ओरडल्या, “अगं बया! ही गाय हाय व्हय? हिला वशिंडच न्हाई! आन् नाक कुनाचं लावलंय हिला?”

मुलं खदखदून हसली. मग काय विचारता! आजींनी खुराड्याचं दार वाजवलं, कोंबड्यांना साद घातली, कुत्र्याला दटावलं, बदकाला कुणी चावलं म्हणून चौकशी केली. पुस्तक संपलं की मुलं पुन्हा पहिल्या पानावर यायची आणि त्याही यायच्या. सगळी पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर, आणि त्यांचा नातू मध्ये मालकासारखा बसलेला. मी केलेला चहा गार झाला. निळ्या दाराशी आल्यावर नातू त्यांचा हात धरायचा. ते दार फक्त तोच उघडणार. उघडून त्यांना सांगायचा, “आई येनाल.”

तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या नुसत्याच त्याच्याकडे बघत राहिल्या.

शनिवारी कंपनी अर्धा दिवस. दोनच्या सुमाराला मुलाची आई जिना चढून आली. दाराबाहेर सासूच्या चपला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. निकाल लागला असंच तिला वाटलं असणार. ती आत पाऊल टाकते न टाकते तोच मुलगा धावत गेला आणि दोन्ही हातांनी तिला बाहेर ढकलायला लागला. “आई, भाईल जा! भाईल!”

तिला काही समजेना. मी खूण केली, जा. ती बाहेर झाली. त्याने सगळा जोर लावून दार लोटलं, आतून टकटक केली आणि ओरडला, “कोन हाय?”

बाहेरून रडवेला आवाज आला, “मी आहे. आई.”

त्याने दार ओढलं. “कुक!” आई दिसली. तो टाळ्या पिटत नाचला आणि पुन्हा तिला बाहेर ढकललं. पुन्हा तेच. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडत होते, आणि कुणाला दिसलं तर दिसो, अशी मजेत रडत होते.

आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सुनेकडे न बघता त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

“सोमवारपासून जरा लवकर निघत जा,” त्या म्हणाल्या. “ह्यो तुला दारातच धा येळा आत-भाईर करायला लावनार हाय. कामाला उशीर नगं व्हायला.”